एक ओहमचा मोह

१२ इंची दोन सबवूफर, प्रत्येकात ४-४ ओहमच्या दोन कॉइल आणि २ ओहमपर्यंत सुरक्षित चालणारा एक मोनो ॲम्प. गाडीत बेस हवा असलेला माणूस पुष्कळदा नेमकी हीच खरेदी करून बसतो. तिन्ही वस्तू चांगल्या, किंमत वाजवी, डब्यांवरचे वॅटही एकमेकांना जुळणारे. आणि तरीही, चारही कॉइलना सारखी वाटणी मिळेल अशा बेताने जोडल्या तर या दोन वूफरांचा भार २ ओहम होऊच शकत नाही. १ होतो, ४ होतो, १६ होतो. २ होत नाही. काउंटरवर हे फारसं कुणी सांगत नाही. सांगायला हवं, कारण वूफरचा डबा एकदा फोडला की दुकानदार सहसा तो परत घेत नाही. मग घेतलेल्या मालातच काहीतरी बसवून देण्याची वेळ फिटरवर येते आणि तिथून पुढे ॲम्प जळण्याच्या बहुतेक कहाण्या सुरू होतात.

मुंबईत ऑपेरा हाउसच्या परिसरात, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुण्यात नाना पेठेच्या आसपास कार ॲक्सेसरीच्या दुकानांपुढे हे काम उघड्यावर चालतं. बोनेट वर, मागची सीट आडवी, डिकीतलं मॅट गुंडाळून बाजूला आणि आत अर्धा शिरलेला विशी-पंचविशीचा मुलगा. पुढच्या डॅशमागून मागच्या डिकीपर्यंत एकही वायर डोळ्यांना दिसणार नाही असं काम हे हात करतात. पॅनेलची कुठली क्लिप कशी ओढली की तुटत नाही, हे त्यांना कुठल्या पुस्तकात सापडलेलं नसतं. या कौशल्याबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच त्यांच्या तोंडी रुळलेलं एक वाक्य फार खटकतं : ‘भाऊ, एक ओहमवर टाकू का? डबल वाजेल.’

डबल वाजत नाही. का वाजत नाही आणि तरी असं का वाटतं, ते नीट पाहिलं की वायरिंगचा सगळा प्रश्न सुटत जातो.

कोलोनच्या शाळेत शिकवणाऱ्या गेऑर्ग सिमॉन ओहम यांनी १८२७ मध्ये आपला नियम पुस्तकरूपाने मांडला. दाब तोच ठेवून रोध निम्मा केला, तर प्रवाह दुप्पट होतो. ॲम्प हा दाब देणारा. किती प्रवाह ओढायचा हे वूफरची कॉइल ठरवते. ॲम्पने ४५ व्होल्ट दिले तर ४ ओहमच्या कॉइलमधून सव्वाअकरा अँपिअर जातील आणि सुमारे ५०० वॅट मिळतील. तेच ४५ व्होल्ट २ ओहमवर आले तर साडेबावीस अँपिअर आणि १००० वॅट. १ ओहमवर ४५ अँपिअर आणि कागदावर २००० वॅट. ॲम्प ‘नाही’ म्हणू शकत नाही. त्याच्यापुढे जो भार ठेवला जाईल त्याला प्रवाह पुरवण्याची तो धडपड करतो. त्याच्या आतले मॉस्फेट आणि ट्रान्सफॉर्मरचे वेढे तेवढ्या प्रवाहासाठी बनवलेले नसले, तर ते तापतात. हे तापणं प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला की आतल्या आणि वायरींतल्या रोधात जाणारी उष्णता चौपट. ॲम्पच्या माहितीपत्रकात ‘किमान २ ओहम’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच, की यापुढची उष्णता बाहेर टाकायची सोय आम्ही केलेली नाही.

घरातले स्पीकर बहुतेक ८ ओहमचे आणि गाडीतले ४ चे का, याचंही उत्तर इथेच आहे. घरात २३० व्होल्ट येतात. ॲम्पच्या आत हवा तेवढा दाब तयार करता येतो. गाडीत बॅटरी १२ व्होल्टची, इंजिन चालू असताना फार तर १४.४. डॅशमधल्या स्टिरिओला हाच दाब दोन्ही बाजूंनी वापरून काम भागवावं लागतं. हिशेब केला तर ४ ओहमच्या स्पीकरवर शुद्ध स्वरूपात जास्तीत जास्त २६ वॅटच्या आसपास मिळू शकतात, प्रत्यक्षात त्याहून कमीच. स्टिरिओच्या पट्टीवर ‘५० वॅट गुणिले ४’ छापलेलं असतं, ते ध्वनी चिरफाळून चौकोनी झाल्यावरचं असतं. दाब वाढवता येत नाही म्हणून रोध कमी करायचा, ही गाडीतली जुनी गरज. डिकीत बसणाऱ्या वेगळ्या ॲम्पमध्ये बॅटरीचे १२ व्होल्ट आधी चढवून घेणारी व्यवस्था असते, त्यामुळे त्याला ही अडचण राहत नाही. तरी कमी ओहमची सवय मात्र राहिली, आणि त्या सवयीला एका स्पर्धेने खतपाणी घातलं.

ही गोष्ट अमेरिकेतली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तिथे गाडीतल्या आवाजाच्या स्पर्धा जोरात होत्या. स्पर्धकांचे गट त्यांच्या ॲम्पच्या छापील वॅटांवरून पडत, आणि ते वॅट मोजायचे ४ ओहमवर. कंपन्यांच्या अभियंत्यांनी यातली फट हेरली. ओरायन कंपनीचा २२५ एचसीसीए हा ॲम्प त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. कागदावर ४ ओहमला दोन चॅनेल, प्रत्येकी २५ वॅट. म्हणजे सगळ्यात हलक्या गटात प्रवेश. पण आतले भाग असे भक्कम, की अर्ध्या ओहमच्या भारावरही तो उभा राही. रोध निम्मा करत गेलं की २५ चे ५०, मग १००, मग २००. गटातल्या इतरांना कळेपर्यंत बक्षीस गेलेलं असे. या जातीच्या ॲम्पना तिकडे ‘फसवे ॲम्प’ असंच नाव पडलं. त्यात लबाडी असली तरी कारागिरी अस्सल होती : एवढे प्रवाह सोसण्यासाठी त्यांचा वीजपुरवठा आणि उष्णता बाहेर टाकणारं ॲल्युमिनियम त्यांच्या वॅटांच्या मानाने कितीतरी मोठं असे.

त्या काळातून कार ऑडिओच्या जगात एक समज पसरला, की खरे मर्द एक ओहमवर चालवतात. समज राहिला आणि भक्कम वीजपुरवठा गळून पडला. दुसऱ्या बाजूला त्याच देशात उलट विचारही झाला. जेएल ऑडिओने ५००/१ नावाचा ॲम्प काढला, त्यात दाब आणि प्रवाहाचं नियंत्रण असं बसवलं होतं की १.५ ते ४ ओहमपर्यंत कुठलाही भार द्या, बॅटरी ११ व्होल्टवर असो की साडेचौदावर, मिळणार ५०० वॅटच. ओहम उतरवून काही जास्त पदरात पडत नाही, म्हणून उतरवायचा मोहच नाही. मला हा विचार अभियांत्रिकीच्या दृष्टीने जास्त प्रामाणिक वाटतो. पण असे ॲम्प महाग पडतात. आपल्याकडे सर्रास विकले जाणारे मोनो ॲम्प रोध उतरला की जास्त वॅट देणारेच आहेत, आणि त्यांच्याशी वागताना गणित आपणच करायला हवं.

गणित पाचवीच्या मुलाला जमेल इतकंच आहे. सिरीजमध्ये जोडलेल्या कॉइलचे ओहम बेरजेने वाढतात. पॅरललमध्ये जोडलेल्या सारख्या कॉइलचे ओहम कॉइलच्या संख्येने भागायचे. सभागृहाचं एक दार उघडं असताना जेवढी माणसं बाहेर पडतात, त्याच्या दुप्पट दोन दारं उघडल्यावर पडतात. पॅरललमध्ये हेच घडतं.

आता सुरुवातीच्या दोन वूफरांकडे येऊ. चारही कॉइल पॅरलल : ४ भागिले ४, म्हणजे १ ओहम. चारही सिरीज : १६. प्रत्येक वूफरच्या दोन कॉइल आधी सिरीजमध्ये घेतल्या तर प्रत्येकी ८, आणि ते दोन वूफर एकमेकांशी पॅरलल केले की ४. उलट केलं, म्हणजे आतल्या कॉइल पॅरलल करून प्रत्येकी २ आणि मग दोन वूफर सिरीज, तरी ४ च. २ कुठेच नाही. २ हवे असतील तर वूफर २-२ ओहमच्या दोन कॉइलचे घ्यायला हवे होते : सिरीज करून प्रत्येकी ४, मग पॅरलल करून २. दुकानात दोन्ही प्रकार एकमेकांशेजारी ठेवलेले असतात, किंमत एकच, डब्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात फरक लिहिलेला. खरेदीच्या वेळी हा कोपरा वाचणं म्हणजे निम्मं वायरिंग.

एकच वूफर बसवायचा असेल तर हे उलटं फिरतं. ४-४ च्या दोन कॉइल पॅरलल केल्या की २, सिरीज केल्या की ८. २ ओहमच्या ॲम्पला एकटा असला वूफर अगदी बरोबर. २-२ चा एकटा वूफर मात्र १ किंवा ४ च देणार. आणि तीन वूफर लावायचे असतील तर आकडे फारच अवघड होतात. एकेरी कॉइलचे ४ ओहमचे तीन वूफर पॅरलल केले की १.३३, सिरीज केले की १२. मधलं काही नाही. डिकीत जागा आहे म्हणून तिसरा वूफर घेणाऱ्याने हे दोन आकडे आधी पाहावेत.

फसलेल्या जोडीवर फिटर एक तोडगा काढतात : प्रत्येक वूफरची एकच कॉइल जोडायची, दुसरी मोकळी ठेवायची. ४ आणि ४ पॅरलल, झाले २ ओहम. ॲम्प सुखात राहतो. वूफर मात्र नाही. उष्णता सोसणारी तार निम्मी झाल्यामुळे त्याची वॅट सोसण्याची ताकद निम्म्यावर येते आणि कोनावरचा विजेचा लगामही सैल होतो, त्यामुळे बेस ढिला, घुमणारा होतो. कॉइल जळाल्याचा तो ओळखीचा, गोडसर-करपट वास बरेचदा अशाच जोडणीतून येतो. असल्या वेळी ४ ओहमवर समाधान मानणं शहाणपणाचं. वॅट कमी मिळतील, पण ॲम्प थंड चालेल.

दोन सापळे आणखी आहेत, आणि त्यांत जाणते लोकही अडकतात. पहिला मोनो ॲम्पच्या टर्मिनलांचा. पुष्कळ मोनो ॲम्पवर प्लस-मायनसच्या दोन जोड्या असतात. सहज वाटतं, हे दोन चॅनेल. एका जोडीवर २ ओहमचा एक वूफर, दुसऱ्या जोडीवर २ ओहमचा दुसरा. प्रत्येकाला २, सगळं ठीक. पण आत त्या दोन जोड्या एकमेकांना जोडलेल्याच असतात, वायर लावायची सोय म्हणून दोन दिलेल्या. ॲम्पला दिसतो १ ओहम. दुसरा सापळा दोन चॅनेलच्या ॲम्पचा. तो ब्रिज केला, म्हणजे दोन्ही चॅनेल मिळून एका वूफरला लावले, की प्रत्येक चॅनेलच्या वाट्याला भाराचा निम्मा रोध येतो. ‘२ ओहम स्टिरिओ’ लिहिलेला ॲम्प ब्रिजमध्ये ४ ओहमच्या खाली नेता येत नाही. माहितीपत्रकात हे दोन आकडे वेगवेगळे दिलेले असतात. आपण बहुधा पहिलाच वाचतो.

आता मल्टिमीटर हातात घ्यावा. ४ ओहमच्या कॉइलला मीटर लावला की ३.२ ते ३.६ असं काही दिसतं आणि घेणारा घाबरतो, माल खराब लागला का म्हणून. माल ठीक असतो. मीटर मोजतो तो तारेचा नुसता रोध. छापलेला ४ हा बदलत्या विजेला होणारा एकूण विरोध, इम्पीडन्स, आणि तोही गोल केलेला आकडा. आंतरराष्ट्रीय मानकानुसार स्पीकरचा इम्पीडन्स त्याच्या कामाच्या पट्ट्यात कुठेही छापील आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये. ४ चे ८० टक्के म्हणजे ३.२. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाही पाव ओहमच्या आसपास रोध असतो. दोन्ही टोकं एकमेकांना लावून तो आधी बघायचा आणि वजा करायचा. १-२ ओहमच्या हिशेबात पाव ओहम मोठा असतो.

वूफर वाजायला लागला की हा आकडा स्थिर राहत नाही. बंद पेटीत एका विशिष्ट सुरावर इम्पीडन्स उंच उडी घेतो. पोर्ट असलेल्या पेटीत अशा दोन उड्या असतात आणि मधे पोर्टच्या सुराजवळ तो पुन्हा खाली येतो. १ ओहमची जोडणी वाजताना कितीतरी सुरांवर ३-४ ओहमसारखी वागते. यावरून काही जण उलटा निष्कर्ष काढतात : वाजताना वर जातोच, मग अर्ध्या ओहमवर टाकू. पण गाणं एका सुरावर थांबत नाही. ढोलाचा ठोका आणि डग्ग्याची घुमणारी मींड वेगवेगळ्या जागी पडतात, आणि जिथे इम्पीडन्स तळाला असतो तिथला सूर आला की ॲम्पला पूर्ण प्रवाह द्यावा लागतो. तेव्हा लाल दिवा लागतो, ॲम्प ‘प्रोटेक्शनला जातो’. तो दिवा लागला की गाणं बंद करून जोडणी तपासायची. चालू-बंद करून पुन्हा पुन्हा वाजवत राहिलं तर एखाद्या दिवशी प्रोटेक्शनही वाचवत नाही. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, बंद उभ्या गाडीच्या डिकीत त्याहून बराच वर; तिथे कार्पेटखाली दडवलेला ॲम्प आधीच तापलेला असतो.

एवढा धोका पत्करून मिळतं काय? २ ओहमवरून १ वर आलं आणि वॅट खरोखर दुप्पट झाले, तर आवाज वाढतो ३ डेसिबल. कानाला ‘दुप्पट मोठं’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. ३ डेसिबलचा फरक कळतो, पण ‘डबल’ मुळीच नाही. त्यातही प्रत्यक्षात वॅट दुप्पट होत नाहीत, कारण बॅटरीचा दाब खाली बसतो. तेवढे ३ डेसिबल नीट बांधलेल्या, हवा न सुटणाऱ्या पेटीतून मिळवता येतात. शिवाय गाडीची केबिन स्वतःच मदत करते. ४० हर्ट्झच्या सुराची लहर साडेआठ मीटर लांब; ती अडीच-पावणेतीन मीटरच्या केबिनमध्ये मावत नाही, आतल्या हवेचा दाबच वरखाली होतो. साधारण ६० हर्ट्झच्या खाली जसजसं जावं तसतसा हा फायदा वाढतो. घराच्या दिवाणखान्यात जो बेस काढायला कितीतरी वॅट लागतात, तो हॅचबॅकमध्ये थोडक्यात निघतो. म्हणून छोट्या गाडीत ३०० ते ५०० खरे आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे, वॅट, २ किंवा ४ ओहमवर, बहुतेकांना पुरून उरतात, असं माझं ठाम मत आहे.

कमी ओहमचा ताण खरा कुठे पडतो, ते बोनेटखाली दिसतं. १००० वॅट देणारा क्लास डी ॲम्प ८० टक्के कार्यक्षम धरला तर बॅटरीकडून १२५० वॅट मागतो, १३.८ व्होल्टला ९० अँपिअर. गाण्यात हा आकडा क्षणाक्षणाला बदलतो आणि सरासरी बरीच कमी राहते. पण ठोका पडतो त्या क्षणी एवढा प्रवाह यावा लागतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर वायर धरू. ८ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये ९० अँपिअरला १ व्होल्ट वाटेतच जातो. २१ चौरस मिलिमीटरची घेतली तर तोच एकऐवजी ०.४ च्या आत येतो. बाजारात ‘ॲम्प किट’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त वायरी बहुधा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या असतात. त्यांचा रोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. वर जाड प्लास्टिक चढवून त्या दिसायला मात्र भरगच्च केलेल्या असतात. टोकाची तार नखाने किंवा ब्लेडने खरवडली की आतला पांढरा धातू दिसतो. घेण्याआधी खरवडून बघायला दुकानदाराची हरकत असेल, तर दुसरं दुकान पाहावं.

फ्यूजबद्दल मात्र कुठलीही तडजोड नको. बॅटरीच्या प्लसपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवा. तो ॲम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो. वायर फायरवॉलच्या पत्र्यातून जाते, तिथे रबराचं ग्रोमेट नसेल तर रोजच्या थरथरीने आवरण घासतं आणि एक दिवस प्लस थेट बॉडीला लागतो. मधे फ्यूज नसेल तर बॅटरी आपली सगळी ताकद त्या वायरमध्ये ओतते, आणि ती वायर सीटच्या फोमखालून गेलेली असते. फ्यूजचा आकडा वायरच्या जाडीवरून ठरवायचा; २१ चौरस मिलिमीटरच्या चांगल्या तांब्याला १०० अँपिअरच्या आसपास. उडाला म्हणून त्याहून मोठा टाकणं किंवा तार गुंडाळून चालवणं हे आगीला बोलावणं आहे. अर्थची वायर प्लसइतकीच जाड, शक्य तितकी आखूड, आणि रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्टने कसलेली.

प्लस-मायनस कॉइलवर नीट पाहून लावावेत. दोन कॉइलच्या वूफरमध्ये एक कॉइल उलटी लागली तर दोघी एकमेकींविरुद्ध ओढतात, कोन जवळजवळ हलत नाही, आवाज येत नाही. म्हणून माणूस आवाज वाढवतो आणि कॉइल शांतपणे भाजत राहतात. दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावून बघितला की कोन बाहेर यायला हवा. आत गेला तर सेल उलटा लागलाय किंवा खुणा चुकल्यात.

ॲम्पवरचा गेनचा नॉब हा आवाजाचा नॉब नाही, एवढं सांगून पुढे जातो. ॲम्प ५०० वॅटचा आणि भार २ ओहमचा असेल तर वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ : ३१.६ व्होल्ट. वूफर सोडवून ठेवायचे, ५० हर्ट्झचा सूर स्टिरिओवर जास्तीत जास्त वापरू तेवढ्या आवाजात लावायचा आणि ॲम्पच्या टोकांवर मीटर एसी व्होल्टवर ठेवून गेन इथपर्यंत आणायचा. त्यापुढे फिरवला तर शुद्ध वॅट वाढत नाहीत, फक्त लहरींची डोकी छाटली जातात.

मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींनाही हाच नियम लागू आहे. तिथे ८ ओहमचे १८ इंची वूफर जोडीने पॅरलल होऊन ४ वर, आणि आणखी पेट्या साखळीने जोडल्या की २ वर येतात. जनरेटरच्या गाडीवर जळालेले ॲम्प याच वाटेने जळतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. पण गाडीत बसणाऱ्याच्या कानांचा प्रश्न त्याहून जवळचा आहे. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला १५ मिनिटं. मागच्या सीटवर लहान मूल असेल तर हा हिशेब वूफरच्या वॅटांआधी करावा.

काम झालं, पॅनेल बसवायच्या आधी फिटरला थांबवावं. ॲम्पकडे जाणारी वूफरची वायर टर्मिनलमधून सोडवून तिच्या दोन टोकांवर मीटर लावायला सांगावं. ४ ओहमची जोडणी असेल तर सव्वातीन-साडेतीनच्या आसपास दिसायला हवं, २ ची असेल तर दीड ते पावणेदोन. २ ची म्हणून सांगितलेली जोडणी ०.८ दाखवत असेल तर चारही कॉइल पॅरलल झाल्यात, आणि मीटर काहीच दाखवत नसेल तर कुठेतरी वायर सुटलीय. मीटरचं एक टोक वूफरच्या वायरला आणि दुसरं गाडीच्या पत्र्याला लावल्यावर काहीही संपर्क दिसता कामा नये. मगच वायर कसायची. अर्धा तास गाणी वाजवून फ्यूज होल्डर, अर्थचा बोल्ट आणि ॲम्पची टर्मिनल हाताने चाचपायची. यातलं एखादं हाताला चटका देत असेल तर तिथला जोड सैल आहे किंवा वायर बारीक पडलीय. तांब्याच्या बारीक तारा स्क्रूखाली दबून बसायला थोडे दिवस घेतात, म्हणून महिन्याभराने एकदा सगळे स्क्रू पुन्हा आवळून घ्यावेत. पैसे देतानाच फिटरशी ते बोलून ठेवलेलं बरं.